स्थानिक नाव

३ ऑगस्ट, रविवार

सतरा झाली. पन्नास हवीत.

सकाळी प्रोजेक्ट पार्टनर प्रणालीबरोबर बंद कंपनीच्या मागच्या भिंतीपाशी. ही भिंत कोणाला सांगायची नाही असं ठरलंय, कारण टी.वाय. बॉटनीची सगळी पोरं ठाणेभर हेच करत फिरतायत. घरापासून चालत जाता येईल तेवढ्यातली रानझाडं, फोटो, एकेक नमुना दाबून वाळवायचा, आणि तक्ता. शास्त्रीय नाव, कूळ, स्थानिक नाव, ते नाव कोणी सांगितलं. कुंडीतलं चालत नाही. विकतचं चालत नाही.

मी पोटावर झोपलेले, नाकाशी शेवाळ. फटीत एक जांभळं फूल, मुगापेक्षा थोडं मोठं. मोबाइल जवळ नेला की ते मोठं मोठं होत जातं, दोन ओठ, आत पांढुरका घसा, आणि मग बाहेरचं काही उरत नाही. माजिवड्याच्या पुलावरचे हॉर्नसुद्धा लांब कुठेतरी पाण्याखाली वाजल्यासारखे. प्र. म्हणते मी मिनिटभर श्वासच घेतला नव्हता.

नंबर १७. नाव माहीत नाही.

४ ऑगस्ट

आज झालं ते नीट लिहून ठेवते.

दुपारी पलंगावर लोळत फोटो बघत होते. बाबा शेजारी, खिडकीकडे तोंड करून. फेब्रुवारीतल्या झटक्यानंतर ते असेच बसतात. उजवा हात-पाय जरा कमी चालतो, पण फिरतात, जेवतात, सगळं समजतं. शब्द मात्र गेलेत. चमचा हवा असला की म्हणतात, "ती... ती... घंटी." पंख्याला "घाट". पंचवीस वर्षं एसटीत कंडक्टर, खोपटला ड्युटी, तिकडचेच शब्द चुकीच्या जागी येऊन बसतात. आणि मला "ही" म्हणतात. अनघा येत नाही. सहा महिने नाही आलं.

तर मी फोटो सरकवतेय आणि कानाशी आवाज:

"टायकळो."

टाकळ्याचा फोटो होता. पिवळी फुलं. मी पुढचा काढला. "केना." पुढचा. "कुर्डू." न अडखळता. गावच्या बोलीत, मालवणीत, जी ते घरी कधी बोलायचे नाहीत.

आई ओल्या हातांनी बाहेर आली. मी मोबाइल तसाच धरून बसले, जणू हललं तर उडून जाईल.

१७ वर काही बोलले नाहीत. बघत राहिले नुसते.

५ ऑगस्ट, मंगळवार

स्पीच थेरपीवाल्या ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, होतं असं. लहानपणी हातापायांनी शिकलेले शब्द कधीकधी शाबूत राहतात. "पण घाई करू नकोस. परीक्षा घेऊ नकोस त्यांची."

तक्त्यात तिसऱ्या रकान्यात नऊ नावं भरली. कोणी सांगितलं: बाळकृष्ण, वय ५६, मूळ गाव कणकवलीजवळ. लिहिताना फार छान वाटलं. वडील असं नाही लिहिलं.

१० ऑगस्ट, रविवार

परीक्षा घेतली.

चोवीस नंबरला रुई होती. एवढं सोपं. मारुतीला घालतात. मी म्हटलं, बाबा, सांगा ना, रु... रु... त्यांच्या कपाळावर घाम. मी परत, रु... त्यांनी पोह्यांची बशी भिंतीवर मारली. मग रडले. बाबा.

आई खाली बसून पोहे गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, "अनू, तो तुझा प्रोजेक्ट नाहीये."

प्र. ला मेसेज: आज नको भेटूया.

१२ ऑगस्ट

हे एकदा लिहायलाच हवं, म्हणजे मग परत लिहायला नको.

फेब्रुवारीतल्या त्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये होते. बाबांचा फोन आला, डेपोतून. मी हॅलो म्हटलं तर ते म्हणाले, "थांबा." मी म्हटलं, काय? "थांबा... थांबा... थांबा." आवाज जरासा जड. मला वाटलं मस्करी, ते करायचे अशी, फोनवर गाडी वडखळला आली म्हणून ओरडायचे. मी स्पीकरवर टाकलं. सगळे हसले. मीही. मग कट केला.

डेपोतून दुसऱ्या कोणाचा तरी फोन आला तेव्हा पाऊण तास होऊन गेलेला. ड्युटी संपवून ते विश्रांतीच्या खोलीत एकटेच होते. डॉक्टर आईला म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर.

आईला माहीत नाही. प्र. ला माहीत आहे, ती त्या टेबलावर होती. तिने कधी एका शब्दाने

१६ ऑगस्ट

पाऊस. २९ नंबर: भुईआवळी. बिल्डिंगच्या मीटर रूमच्या पायरीत. पानांखाली मण्यांची रांग, कोणीतरी बसून ओवल्यासारखी.

बाबांना दाखवत नाही आता.

२१ ऑगस्ट, गुरुवार



कॉलेजात असताना आईचा फोन. शिवायला घेतलेला ब्लाउज द्यायला समोरच्या विंगमध्ये गेली, परत आली तर दार उघडं, बाबा नाहीत. पत्ता विचारला तरी सांगता येणार नाही त्यांना. मी रिक्षाने आले. आई वॉचमनबरोबर नाक्यावर. प्र. स्कूटी घेऊन आली, तिचे पप्पा गावदेवीकडे गेले, बाळकुम गावातल्या तिच्या चार चुलतभावांना फोन. मला एकच दिसत होतं, हायवे.

दीड तास.

मग प्र. म्हणाली, "भिंत बघितली का आपली?"

का सुचलं तिला कोण जाणे. मी एकदाच बाबांना गॅलरीतून हात करून दाखवलेली, ती बघा, तिथे मिळतात. तिथेच होते. उकिडवे बसलेले, पाऊस भुरभुरतोय, छत्री मिटलेली मांडीवर. पाठ पूर्ण भिजलेली. चेहरा असा शांत, की मला आधी रागच आला.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांनी फटीतल्या १७ नंबरला बोट लावलं.

"उतारी."

स्पष्ट. मग मान हलवून परत, स्वतःशीच, "उतारी."

दोन पानं खुडली, तळव्यावर चोळली, माझ्या मनगटावर लावली. गार. "कशावर आहे हे बाबा?" तर मला म्हणाले, "बस." बैस म्हणाले, की पुरे म्हणाले, की गाडी. मी बसले.

२२ ऑगस्ट

उतारी कुठेच नाही. लायब्ररीतल्या तिन्ही पुस्तकांत नाही. नेटवर नाही. पुस्तकात या झाडाला मराठी नावच दिलेलं नाही.

आणि उतारू म्हणजे पॅसेंजर. एसटीचा शब्द. घंटी, घाट, उतारू.

२४ ऑगस्ट, रविवार

डोंबिवली. बाबांना घेऊन आत्याकडे. बाबांची एकुलती बहीण. ती मालवणी अजून बोलते, निदान आमच्याशी.

फोटो दाखवला. तिने चष्मा लावून, काढून, परत लावून पाहिला. "ह्या काय गो? गवात?"

"उतारी म्हणतात का याला?"

"उतारी... नाय गो ऐकलंय. उतारो म्हंजे, दिष्ट काढतत ना, तो. नायतर इखावरचो उतारो." थांबली. "माका काय इचारतंस. मी बारा वर्साची मुंबयक इलंय, मावशीकडे. रानात गुरां घेवन ह्यो जायचो. ह्येका ठावक ता माका ठावक नाय."

बाबा सोफ्यावर बसून तिच्याकडे बघत होते. ती उठून चहा करायला गेली आणि बराच वेळ आली नाही. मी आत गेले तर ओट्याला धरून उभी. म्हणाली, "आवस आसती तर एका शबदात सांगल्यान आसतान." आजी जाऊन नऊ वर्षं झाली.

निघताना दारात तिला आठवलं. गावी सखाराम आहे. शेजारचा. बाबांच्या बरोबरीने गुरं राखायचा. शेतीच करतो अजून, फोन वापरत नाही.

म्हणजे विषावरचा उतारा, नजरेचा उतारा, उतारावर उगवणारी, उतरणारा पॅसेंजर. सगळ्या वाटा उघड्या. परतताना रिक्षात बाबा झोपले, डोकं माझ्या खांद्यावर. मी खाडीवर पसरलेला तिवरांचा हिरवा रंग बघत होते. वाटत होतं, त्यांच्या डोक्यात असंच असेल. भरतीचं पाणी शिरलंय, सगळं बुडलंय, वर फक्त झाडांचे शेंडे दिसतायत.

२७ ऑगस्ट

गणपती आले. दीड दिवस. बाबांनी माटवी बांधली, गणपतीवरचं लाकडी छत. कोणाला हात लावू दिला नाही त्यांनी. कवंडाळ, शेरवड, हरणाची फुलं, टांगायची रानातली फळं-फुलं, सगळं ठाणे मार्केटमधून आणलेलं. उजवा हात साथ देत नव्हता तर सुतळी दातात धरली. एकेक बांधताना नाव घेत होते, हळू, आरती म्हटल्यासारखं.

आईने पदर तोंडाला लावला. मी रेकॉर्ड नाही केलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

मॅडमना तक्ता दाखवला. मॅ. पुढच्या वर्षी रिटायर होतायत, पुण्याच्या, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचतात. १७ वर थांबल्या.

"लिंडर्निया म्हणत होतो आम्ही याला. आता काही लोक टोरेनियात टाकतात. जात कुठली ते फळ पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. आणि हे उतारी कुठून आणलंस?"

"बाबांनी सांगितलं."

बाकीचंही सांगितलं मग. झटका, घंटी, घाट. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अनघा, मग हे झाडाचं नाव आहे की..." खिडकीबाहेर बघून म्हणाल्या, "टाकळा, केना, हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून त्यांचं बरोबर आलं हे आपल्याला कळतं. इथे आपल्याकडे दुसरं काहीच नाही. दुसरा माणूस हवा. ज्याने हेच नाव स्वतःहून सांगितलं पाहिजे. तू सुचवायचं नाहीस."

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांनी हे झाड खरंच मनावर घेतलेलं.

९ सप्टेंबर

आई म्हणते विषय सोड. मी विचारलं, तुला काय वाटतं, खरं नाव आहे? आई सुईत दोरा घालत होती. "लग्नाला चोवीस वर्षं झाली. मला त्यांनी कधी गावच्या रानातलं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. शनिवार-रविवार ड्युटी, मग झोप." दोरा गेला आत. "आता विचारावंसं वाटतं तर बघ."

थेरपीवाल्या ताई: मनाने बनवलेले शब्द बहुतेक दर वेळी बदलतात. बहुतेक.

पाच दिवस रोज एकदाच फोटो दाखवला, दहा फोटोंच्या मध्ये ठेवून. दर वेळी उतारी.

पण पंख्यालाही दर वेळी घाटच म्हणतात.

१४ सप्टेंबर, रविवार

आज बाबांना सांगितलं.

संध्याकाळी भिंतीपाशी आम्ही दोघंच. आता रोजचंच झालंय ते, बाबा आणि मी, आणि कंपनीच्या गेटवरचं कुत्रं. उतारीला फळं धरली होती, पेन्सिलच्या टोकाएवढी, हिरवी. मी ती कागदात घेत होते आणि तोंडातून निघून गेलं. तुम्ही फोन केला होता बाबा. थांबा म्हणत होतात. मी हसले. स्पीकरवर टाकलं. सगळं सांगितलं, कागदाकडे बघत.

ते ऐकत होते. त्यांना सगळं समजतं, हेच तर आहे.

मग त्यांनी तोंड उघडलं, जुळवाजुळव करतात तसं, ओठ हलले, एक शब्द आला नाही, दुसरा आला नाही. शेवटी म्हणाले, "पुढे चला."

गर्दीच्या गाडीत हजार वेळा म्हटलेलं. त्यातलंच जिभेवर आलं असेल. किंवा मलाच म्हणाले असतील. मी विचारणार नाही.

कुत्रं आमच्या मागोमाग गेटपर्यंत आलं.

१७ सप्टेंबर

प्र. शी भांडण.

शनिवारी जमा करायचंय. ती म्हणते, "अगं पप्पांचं नाव टाक ना दुसरं. मी विचारलं त्यांना, ते बोलले हो असेल, लिही. गावातला माणूस, सत्तावन्न वर्षांचा. कोण चेक करणारे, यार?"

"त्यांना माहीत नाहीये प्र."

"त्यांना ते झाडच माहीत नाहीये! पण तुझ्या बाबांना माहीत आहे ना? की तुलाच वाटतंय ते काहीतरी बडबडतायत?"

मी निघून आले. ती माझ्यासाठी करत होती, हे कळतंय. सगळ्या वर्गात तीच एकटी आहे जिने कॅन्टीनच्या टेबलावरचं ते हसणं कधी काढलं नाही.

रात्री जेवणाआधी पेन्सिलने लिहिलं: उतारी. सांगणारे दोन. प्र. च्या पप्पांचं नाव, वय, गाव. छान दिसत होतं.

मग खोडलं. बाबांचं नाव खोटं पडलं असतं त्याच्या शेजारी. दोघांची नावं खोडली, मग झाडाचंही. कागद तिथे थोडा केसाळ झालाय.

२० सप्टेंबर, शनिवार

जमा केलं. पन्नास फोटो, पन्नास शीट्स, तक्त्यात एक जागा कोरी.

मॅ. नी बोट फिरवत नेलं आणि केसाळ जागेवर थांबवलं. "रिकामं?"

"हो."

"मग मी एकोणपन्नास धरते."

"चालेल."

प्र. माझ्याकडे बघेना, पण बाकाखाली तिने माझ्या पायावर पाय ठेवला. मार्क दोघींचे एकत्र आहेत. तिचंही नुकसान केलं मी.

मॅ. नी फळं भिंगाखाली बघितली, जात लिहिली, सही केली. मग १७ ची दुसरी शीट उचलून मला परत दिली. "माझ्याकडे एक पुरे. ही जिथे न्यायची तिथे ने." चष्म्यावरून पाहिलं. "आणि न सुचवता."

२८ सप्टेंबर

आईला सांगितलं, बाबांना घेऊन गावी जाते, तीन दिवस. मला वाटलं नाही म्हणेल. गोळ्यांची डबी भरायला बसली, सकाळ-दुपार-रात्र. म्हणाली, "फोन उचलत जा त्यांचा." म्हणजे माझा फोन उचल असं म्हणायचं होतं तिला. मी तिच्याकडे बघत राहिले. आणि मग तिलाही सांगितलं. फेब्रुवारीचं.

तिने डबी परत उघडली. रात्रीच्या खणात सकाळची गोळी पडलेली, ती काढून जागेवर ठेवली. दोन तास माझ्याशी बोलली नाही. मग येऊन केसांना तेल लावलं, जरा जास्तच जोरात.

४ ऑक्टोबर, शनिवार. गाव

काल सकाळच्या गाडीने निघालो. कंडक्टर तरुण होता, बाबांना ओळखत नव्हता. बाबा त्याच्या हाताकडे बघत होते सगळ्या प्रवासभर.

घर बंद असतं म्हणून शेजारी सखारामकाकांकडेच उतरलो. काका बारीक, काळे, तोंडात पान. बाबांना बघून म्हणाले, "काय रे बाळग्या, खय होतंस?" जणू कालच भेटलेले. बाबांनी उत्तर दिलं नाही, काकांना ते खटकलंच नाही. दोघं पडवीत बसून राहिले. मी काकूला आजाराचं सांगितलं, तिने काकांना सांगितलं, काका म्हणाले, "तो आदीपण कमीच बोलायचो."

इथे सगळं जरा झोपेत असल्यासारखं. भात पिवळा व्हायला लागलाय. हवेत धूर आणि कापलेल्या गवताचा वास. माझा आवाजसुद्धा इथे खालच्या पट्टीत निघतो.

आज सकाळी शीट काढली. बाबा आंघोळीला गेलेत असं बघूनच काढली. काही बोलले नाही, नुसती काकांच्या हातात दिली.

त्यांनी ती उलटी धरली, सुलटी धरली, वास घेतला. वर्तमानपत्रात दाबून दाबून तिचा रंग गेलाय, कागदावर कोणीतरी तपकिरी रेघ ओढल्यासारखी दिसते.

"ह्या सुकलला कसा ओळखतलंय मी? जित्ता दाखय."

"आता मिळेल का काका? पावसाळ्यातलं आहे."

"मेरेर आसात खयतरी. व्हाळाकडे." बांधावर, ओढ्यापाशी. त्यांनी कोयता घेतला, सवयीने. तेवढ्यात बाबा ओले केस घेऊन दारात. काकांनी मानेने बोलावलं आणि ते निघाले सुद्धा, अनवाणी.

मी चप्पल शोधेपर्यंत ते दोन खाचरं पुढे. बांध अरुंद, दोन्हीकडे भात कमरेइतका, दव. काका पुढे, बाबा मागे. बाबांचा उजवा पाय इथे ओढत नाहीये, की मला तसं वाटलं. मधूनमधून दोघं वाकायचे, काहीतरी बाजूला सारायचे, परत चालायचे. मग बांबूच्या बेटामागे वळले आणि दिसेनासे झाले.

मी धावले असते तर गाठलं असतं. धावले नाही. पाणी वाहत होतं कुठेतरी, आणि त्याच्यावर त्या दोघांचे आवाज येत होते. जास्त बाबांचा. एवढं सलग मी त्यांना फेब्रुवारीपासून ऐकलेलं नाही, पण शब्द पोचत नव्हते, नुसती चाल.

मग दोघं थांबले असावेत. एकाने काहीतरी म्हटलं, छोटंसं, एकच शब्द. आणि दुसऱ्याने तोच परत म्हटला.

आधी कोण बोललं ते मला ओळखता आलं नाही.